भुंकणं जवळचं, हेल लांबचा

रात्री अकरा-साडेअकराला वरच्या वाडीत एक कुत्रं भुंकतं. मधल्या वाडीतली दोन-तीन त्याला साथ देतात, मग समुद्राकाठच्या भंडारवाड्यातली, आणि थोड्या वेळात खाडीपलीकडच्या गावातूनही भुंकणं ऐकू येऊ लागतं. या रांगेतल्या शेवटच्या कुत्र्याने काहीएक पाहिलेलं नसतं, तरी ते पहिल्याइतकंच जीव तोडून भुंकत असतं. कोकणात राहणाऱ्याला हा क्रम पाठ असतो. असं काही ऐकलं की ‘काय म्हणतंय ते?’ असं आपण विचारतो. माझ्या मते त्याआधी दुसरं विचारायला हवं: ते कुणाला उद्देशून म्हणतंय, आणि तो ऐकणारा किती लांब आहे?

भुंकणं हा जवळच्यांसाठीचा आवाज. तो तुटक असतो, खरखरीत असतो आणि त्यात बारीक-जाड अशा अनेक पट्ट्या एकदम मिसळलेल्या असतात. अचानक सुरू होणाऱ्या अशा आवाजाची दिशा कानाला चटकन कळते. ‘मी इथे आहे, इकडे या’ असं सांगायला तो सोयीचा आहे. कॅथरिन लॉर्ड, मार्क फाइनस्टाइन आणि रेमंड कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकांनी २००९ साली नेमकं हेच मांडलं. आगरात साप दिसला की सातभाई गोळा होऊन कलकलाट करतात, दिवसा घुबड बाहेर पडलं तर कावळे त्याच्या मागे लागतात. कुत्र्याचं भुंकणं मुळात त्याच जातीचं, असं त्यांचं म्हणणं. एकट्याने अंगावर जायचं धाडस नाही आणि पळूनही जायचं नाही, तेव्हा कालवा करून आपली माणसं-कुत्री जमवायची.

प्रौढ लांडगे फारसे भुंकत नाहीत. माणूस दिसला की लांडगा निघून जातो, जागा सोडणं त्याला परवडतं. वाडीतल्या कुत्र्याला ते परवडत नाही, कारण त्याचं खाणं, पिल्लं, झोपायची जागा सगळं त्या चार घरांच्या आसपास असतं. गडग्याजवळ अनोळखी माणूस आला की कुत्र्याचे पाय बघावेत. दोन पावलं पुढे, एक मागे, आणि तोंडाने भुंकणं चालूच. पुढे जाऊ की मागे फिरू, ही ओढाताण त्या आवाजात असते. म्हणून ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण मला अर्धवट वाटते. त्याने अजून ठरवलेलं नसतं, एवढंच.

कोकणात माजघरातून न उठता ‘वांदर इले बघ’ किंवा ‘कोण तरी इलो’ असं सांगणारी माणसं घरोघरी असतात. त्यांचा अंदाज बहुधा बरोबर निघतो, आणि हे नुसतं सवयीचं फळ नाही. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या पेटर पोंग्रात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडी या हंगेरियन जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं: अनोळखी माणूस आला, झाडाला बांधून एकटं ठेवलं, खेळायला चेंडू दाखवला, असे प्रसंग. ते आवाज लोकांना ऐकवले. कधीच कुत्रं न पाळलेल्यांनीही प्रसंग बऱ्यापैकी ओळखले. पुढे २००८ साली त्याच गटाने १४ कुत्र्यांचे सहा हजारांहून अधिक आवाज संगणकाला दिले. एकूण सहा प्रसंगांपैकी नेमका प्रसंग त्याने ४३ टक्के वेळा ओळखला, आणि भुंकणारं कुत्रं कोणतं हे ५२ टक्के वेळा. नुसत्या अंदाजाने पहिला आकडा सतराच्या आसपास राहिला असता आणि दुसरा सातच्या. तेव्हा ‘हा आमचा मोती नव्हे, शेजारचा’ असं अंथरुणातून सांगणारे आजोबा उगाच बढाया मारत नसतात.

ओळखायची खूण कोणती? कॅलिफोर्नियात सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅकोवन यांनी २००४ साली दाखवलं की दाराची घंटा वाजल्यावरचं भुंकणं जाड, खरखरीत आणि सलग असतं, तर एकटं कोंडलेलं कुत्रं बारीक, स्वच्छ स्वरात, मधे मधे थांबून भुंकतं. जाड आणि खरखरीत म्हणजे राग, बारीक आणि सुरेल म्हणजे भीती किंवा लाडीगोडी, हा नियम पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या आवाजांवरून यूजीन मॉर्टन यांनी १९७७ सालीच सांगून ठेवला होता. जाड आवाज मोठ्या देहातून येतो, म्हणून धमकी द्यायची तर आवाज जाड काढायचा. गणपती संपून चाकरमानी मुंबईला परतले की बंद घराच्या पडवीत बसलेल्या कुत्र्याचा आवाज हा असा बारीक, एकटेपणाचा असतो. आठवडाभर खायला घालणारी, अंगणात वावरणारी माणसं एका दिवसात नाहीशी झालेली असतात.

आता हेल. तोंड वर करून काढलेला तो लांबलचक सूर वेगळ्याच कामाचा आहे. त्यात एक पट्टी धरून ठेवलेली असते आणि ती हळूहळू चढते-उतरते. असा सूर लांबवर टिकतो. लांडगे तो पांगलेल्या सोबत्यांसाठी काढतात. ऑस्ट्रियातल्या लांडगा संशोधन केंद्रात कळपातला एकेक लांडगा फिरायला नेऊन पाहिलं, तेव्हा मागे राहिलेल्या लांडग्यांनी जिव्हाळ्याच्या सोबत्यासाठी जास्त हेल काढले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांत ही सवय कमी-अधिक शिल्लक आहे. बुडापेस्टमध्येच ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांचे हेल ऐकवले तेव्हा वंशाने लांडग्याला जवळच्या असलेल्या जुन्या जातींची, त्यातही वयस्क, कुत्री हेलाला हेलाने उत्तर देताना दिसली.

कोकणात लांडगा सहसा दिसत नाही, पण कांदळवनात कोल्हे आहेत. त्यांची कोल्हेकुई सुरू झाली की काठावरची कुत्री सूर लावतात. आरतीचा शंख, रुग्णवाहिकेचा किंवा मच्छीमार बोटीचा भोंगा, हे सगळे एक सूर धरून लांबवणारे आवाज, आणि कुत्र्याच्या कानाला ते कुणाच्या तरी हाकेसारखे लागत असावेत. शंखाने कान दुखतात म्हणून कुत्रं ओरडतं, हे मला फारसं पटत नाही. कान दुखले असते तर ते लांब पळालं असतं. ते देवळाच्या पायरीशी बसून मान वर करतं.

हे सूर थंडीत जास्त ऐकू येतात, त्यात हवेचा वाटा मोठा आहे. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावरचा थर उबदार राहतो. उबदार हवेत ध्वनी वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. भरीला रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. वरच्या वाडीतलं कुत्रं किनाऱ्यावर स्पष्ट ऐकू येतं, पण किनाऱ्यावरचं वर तितकंसं नाही, याचं एक कारण हे.

भाद्रपदाचा मामला निराळा. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचा माज बहुतेक वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो. एका कुत्रीमागे पाच-सहा कुत्रे, त्यांची हद्दीवरून भांडणं, गुरगुर, हेल. त्यातच घरात कुणी आजारी असलं की सिंधुदुर्गातली एखादी आजी म्हणणार, ‘आज कोणाचो तरी नंबर लागतलो.’ यमाचे दोन कुत्रे ऋग्वेदातही आहेत, तेव्हा कुत्रं आणि मरण यांची सांगड फार जुनी. पण आजाऱ्याच्या घरात दिवा रात्रभर चालू असतो आणि माणसं जागी असतात. हेल ऐकायला त्या रात्री कुणीतरी असतं. कुत्री रडली आणि कुणीच गेलं नाही, अशा रात्री कोण मोजतो? रिकाम्या माळ्याकडे बघून भुंकणाऱ्या कुत्र्याला भूत दिसतं म्हणतात, तिथे मला उंदरांचा संशय येतो. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० पर्यंत. उंदरांच्या कितीतरी हाका या दोन आकड्यांच्या मधे असतात.

कुत्र्याच्या आवाजाची भीती बाळगायची तर ती हेलाची नाही, अचानक बदललेल्या आवाजाची. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या घशाचे स्नायू लुळे पडतात. भुंकणं घोगरं, फाटकं होतं, कधी भुंकता भुंकता सूर लांबत जातो, जबडा लोंबतो, लाळ गळते. असं कुत्रं दिसलं तर पोरांना घरात घ्यावं आणि ग्रामपंचायतीला कळवावं. ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून त्याच्या तोंडात हात घालायला जाऊ नये. कुठलंही कुत्रं चावलं, ओरखडलं, अगदी पिल्लू असलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना लावत बसायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करायची.