रिव्हेटचं भोक आणि गोव्याची खारी हवा

बोगमाळोच्या नौदल वायुयान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या विमानाच्या पोटाखाली उभी राहिले की माझी नजर इंजिनांआधी रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या, रांगांवर जाते. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान उभं केलं, तेव्हाही लोक इंजिनाविषयीच जास्त विचारत होते. पण घरच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांच्या किटातून विमान जोडणाऱ्याचे महिनोन् महिने जातात ते भोकांत.

आजच्या बऱ्याच किटांचे पत्रे कारखान्यातूनच भोकं पाडून येतात. भोकाला भोक जुळलं की भाग सरळ बसतो, मोठा साचा लागत नाही. क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रे तात्पुरते अडकवायचे, भोकं नेमक्या मापाची करायची, सगळं पुन्हा सोडवायचं आणि एकेका भोकाची कड गुळगुळीत करायची. हे काम कंटाळवाणं आहे, आणि इथे घाई करणाऱ्याच्या विमानात मी बसणार नाही. रुंद पत्रा ताणला की गोल भोकाच्या कडेला ताण तिपटीपर्यंत चढतो. कीर्श या जर्मन अभियंत्यानं 1898 मध्ये हे गणितानं दाखवलं. त्या कडेवर ड्रिलची कुसळं राहिली तर चीर तिथूनच सुरू होते. प्रत्येक उड्डाणात पंख वाकतो, पुन्हा सरळ होतो आणि चीर किंचित पुढे सरकते. हा धातूचा थकवा. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेतच फुटली, ती अशाच थकव्यानं.

गोव्यात या भोकाला दुसराही शत्रू आहे. विमानाच्या पत्र्यासाठी वापरतात त्या ‘2024’ नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे 4 टक्के तांबं असतं. त्यानं बळ येतं, पण गंज सोसण्याची ताकद जाते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. ड्रिल फिरलं की तो थर कापला जातो आणि भोकाची आतली भिंत उघडी पडते. आता म्हापशातलं जुलैचं गॅरेज डोळ्यांसमोर आणा: चिऱ्याच्या भिंती ओल्या, कपाटातल्या चपलांवर बुरशी, हवेत मीठ. खारट ओलाव्यात पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकला की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. विमानाच्या बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो तो यासाठीच; विद्युत-रासायनिक स्वभावानं कॅडमियम ॲल्युमिनियमच्या जवळचं आहे.

त्यामुळे रिव्हेट ठोकण्याआधी जोडाच्या दोन्ही अंगांना प्राइमर, म्हणजे गंज रोखणारा रंगाचा पहिला थर, हवा, आणि तो कोरड्या दिवशीच मारावा. एपॉक्सी प्राइमर दमट हवेत नीट धरत नाही. क्रोमेटचा प्राइमर असेल तर चांगला मास्क हवाच, कारण ते कर्करोगकारक आहे. मग भरीव रिव्हेट: बाहेरून एकानं रिव्हेट ठोकणारी गन चालवायची, आतून दुसऱ्यानं पोलादी ठोकळा दाबून धरायचा. रिव्हेटचं शेपूट फुलून मूळ व्यासाच्या दीडपट झालं की जोड पक्का. हे दोघांचं काम; घरातलं कोणीतरी आत वाकून बसायला लागतंच.

उपकरणं त्यानंतर. दिशा सांगणारा चुंबकीय संवेदक लोखंडापासून आणि जाड तारांपासून लांब, बरेचदा पंखाच्या टोकाला बसवतात. शेवटी तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून विमान तोलायचं आणि तोलबिंदू ठरलेल्या हद्दीत आहे का ते पाहायचं. या वजनात प्राइमरही मोजला जातो, म्हणून काहीजण तो टाळतात. कोरड्या मुलखात ते एकवेळ चालेल. म्हापशात मी ते वाढीव वजन आनंदानं उचलीन.