कॅन्सरचा उपचार सुरू असताना लस: ८४ दिवसांच्या नियमाची पार्श्वभूमी

नागिणीची नवी लस घ्यावी का, असा विषय इंदुरात कीमो सुरू असलेल्या रुग्णाच्या घरी निघाला की बोलणं हमखास २०२१ वर जातं. कुणाला कोविड लशीच्या पहिल्या डोसनंतर ताप आला होता, कुणाला केंद्रावरून परत पाठवलं होतं, कुणाचा दुसरा डोस ८४ दिवसांच्या नियमामुळे पावसाळा संपेपर्यंत लांबला होता. आजच्या शंका बऱ्याच अंशी त्या वर्षीच्या आहेत, म्हणून त्याच वर्षाकडे नीट पाहायला हवं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. सावधगिरीचं मूळ जिवंत, म्हणजे कमजोर केलेला पण वाढू शकणारा जंतू असलेल्या, लशींत आहे. देवीच्या लशीतला विषाणू रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या अंगात आटोक्याबाहेर पसरून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. गोवर, कांजिण्या, पिवळा ताप, बीसीजी या लशी कीमो चालू असताना आजही टाळतात. तरीही सरसकट नकार तेव्हाही नव्हता. कांजिण्यांची लस १९७० च्या दशकात जपानमध्ये तयार झाली आणि अमेरिकेत तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांत रक्ताच्या कॅन्सरमधून सावरणारी मुलं होती. कांजिण्यांनी अशी मुलं दगावत होती, म्हणून आजार आटोक्यात असण्याची वेळ साधून त्यांना लस दिली गेली. वेळ साधणं ही या साऱ्या विषयातली खरी कळ आहे, आणि २०२१ मध्ये नेमकी तीच हातातून निसटली.

कोविडच्या आपल्याकडच्या दोन्ही मुख्य लशी त्या अर्थाने जिवंत नव्हत्या. कोव्हिशील्डमधला वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही, कोव्हॅक्सिनमध्ये तर निष्क्रिय केलेला विषाणू होता. लशीमुळेच आजार होईल ही भीती त्यामुळे गैरलागू होती. प्रश्न होता तो लस पुरेशी लागू पडेल का, हा. मात्र मोठ्या चाचण्यांतून प्रतिकारशक्ती दडपलेल्या लोकांना वगळलं होतं, त्यामुळे ठाम उत्तर कुणाकडेच नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ही लस घेऊ नये असं छापलं होतं. सहाच आठवड्यांनी, १ मार्चला, ४५ ते ५९ वयोगटात अग्रक्रमाने लस देण्यासाठी २० सहव्याधींची यादी आली, तीत कॅन्सरचे रुग्णही होते. जानेवारीत 'घेऊ नका' ऐकलेल्या माणसाला मार्चमध्ये 'आधी घ्या' सांगितलं गेलं, आणि मधल्या काळात काय बदललं हे कुणी समजावलं नाही. ज्येष्ठ मंडळींचा विश्वास तिथेच डळमळला.

त्या यादीतली एक ओळ आजही पुन्हा वाचावी अशी आहे. गाठीच्या (स्तन, फुप्फुस अशा अवयवांत गाठ होणाऱ्या) कॅन्सरचं निदान १ जुलै २०२० रोजी किंवा त्यानंतर झालेलं हवं, नाहीतर कॅन्सरचा उपचार सध्या चालू हवा. रक्ताच्या कॅन्सरची नोंद वेगळी. म्हणजे २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि कीमो उरकलेली ५० वर्षांची बाई यादीत बसत नव्हती. जिच्या गोळ्या अजून चालू होत्या ती बसायची, पण टेबलापलीकडच्या माणसाला रोजची गोळी हा कॅन्सरचा उपचार आहे हे पटवावं लागे. प्लास्टिकच्या पिशवीत जाड फाइल, वर डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र, खूण कोणत्या चौकोनात करायची यावरून घोळ. १ एप्रिलपासून ४५ वरच्या सगळ्यांना लस खुली झाली, तेव्हा हा घोळ आपोआप मिटला.

खरं दुखणं पुढचं. १३ मे २०२१ ला कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. निर्णय ब्रिटनमधल्या प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेला आहे असं सांगितलं गेलं. निरोगी माणसाला लांब अंतराचा फायदा होतो याला आधार होताही. देशात लशीचा तुटवडा होता हेही सगळ्यांना दिसत होतं. पण कॅन्सरच्या रुग्णाचं गणित निराळं. ब्रिटनमधल्याच एका अभ्यासात, आपल्याकडे न आलेल्या, वेगळ्या तंत्राच्या एका (एमआरएनए) लशीचा पहिला डोस दिल्यावर तीन आठवड्यांनी निरोगी लोकांपैकी ९४ टक्क्यांत प्रतिसाद, म्हणजे अँटिबॉडी, दिसला. गाठीच्या कॅन्सरच्या रुग्णांत तो ३८ टक्के होता, रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत अवघा १८ टक्के. गाठीच्या कॅन्सरवाल्यांना दुसरा डोस तिसऱ्या आठवड्यातच मिळाला, तेव्हा त्यांच्यातलं प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत गेलं. लस वेगळी असली तरी एका डोसवर या रुग्णांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवू नये, इतका इशारा त्यातून मिळत होता. आपला निर्णय झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे रोजी, ब्रिटनने पन्नाशीवरच्या आणि आजारामुळे जास्त धोका असलेल्या लोकांचं अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं.

इथे लशीच्या नोंदणीचं कोविन पोर्टल १२ आठवड्यांआधी, म्हणजे ८४ दिवसांआधी, दुसऱ्या डोसची तारीखच देईना. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तरी केंद्रावरच्या मुलीच्या हातात काही नव्हतं, पडद्यावर तारीख उघडत नसे. ७ जूनला सवलत आली. परदेशी शिकायला जाणारे, नोकरीसाठी जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकचे खेळाडू यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येईल असं ठरलं. त्या यादीत कॅन्सरचे रुग्ण नव्हते. नियम वाकवता येत होता, हे त्या दिवशी सिद्ध झालं. विद्यार्थ्यांची गरज खरी होती. पण अर्ध्या संरक्षणावर दर तीन आठवड्यांनी रुग्णालयाच्या गर्दीत बसणाऱ्या माणसाची गरज त्याहून कमी कशी ठरली, याचं कारण कुठेच दिलं गेलं नाही.

इंदूरचं चित्र त्या उन्हाळ्यात उत्साहाचं होतं. २१ जूनच्या महाअभियानात राज्याने एका दिवसात १६ लाखांहून जास्त डोस दिले, आणि ऑगस्टअखेर जिल्ह्याने पात्र प्रौढांना पहिला डोस देण्याचं लक्ष्य गाठलं. अभिमान वाटावा असंच काम. 'काकू, लस लागली का?' असं शेजारीपाजारी विचारत आणि 'लागली' म्हटलं की विषय संपे. ज्यांच्या बाबतीत एक डोस म्हणजे जेमतेम सुरुवात होती, ते रुग्णही त्याच आकड्यात मोजले गेले.

वेळेचा आणखी एक पदर घराघरांत सांभाळला गेला, तो जवळपास प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारूनच. तीन आठवड्यांच्या कीमोत सलाइन चढवल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळ गाठतात. त्या दिवसांत आलेला ताप लशीचा की जंतुसंसर्गाचा हे घरी ओळखता येत नाही, आणि संसर्गाचा असेल तर काही तासही मोलाचे असतात. म्हणून बरेच डॉक्टर काउंट सावरल्यावर, पुढच्या सायकलच्या (कीमोच्या फेरीच्या) थोडं आधी लस सुचवत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सुई विरुद्ध बाजूच्या दंडात घ्यायला सांगत, कारण लशीने काखेतली गाठ काही आठवडे सुजू शकते आणि तपासणीत नसती धास्ती उभी राहते. रक्ताच्या काही कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब हे औषध घेणाऱ्यांना तर काही महिने प्रतिसादच क्षीण मिळतो. एवढा बारकावा सरकारी पत्रकात क्वचितच उतरला.

तिसऱ्या डोसच्या वेळी तेच झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार मंडळाने प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी जादा डोस हा मूळ मात्रेचाच भाग मानावा असं सुचवलं. भारतात १० जानेवारी २०२२ पासून 'प्रिकॉशन डोस' आला, पण रुग्णांपैकी फक्त ६० वरच्यांसाठी, तोही दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी. ४५ वर्षांच्या लिम्फोमाच्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) रुग्णाला १० एप्रिलपर्यंत थांबावं लागलं आणि खासगी केंद्रात पैसे मोजावे लागले. मोफत डोस १५ जुलैपासून ७५ दिवस मिळाला.

नागिणीची नवी लस भारतात २०२३ मध्ये आली. ती जिवंत नाही, आधीच्या पिढीतली जिवंत लस या रुग्णांना चालत नसे. दोन डोसांत एरवी दोन ते सहा महिने ठेवतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णासाठी अमेरिकेतल्या शिफारशीत हे अंतर एक ते दोन महिन्यांवर आणायची मुभा आहे. जी सोय २०२१ मध्ये मागूनही मिळाली नव्हती, ती इथे शिफारशीतच लिहिलेली आहे. लस महाग आहे आणि खर्च बहुतेकांना पदरचाच करावा लागतो, त्यामुळे घरातली चर्चा आता पैशांवर आणि कोणत्या सायकलनंतर घ्यायची यावर येऊन थांबते.