ओलेडसाठी थांबावे का? हातातल्या कन्सोलच्या सुधारित आवृत्त्यांची पार्श्वभूमी

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच २ हा हातात धरून व्हिडिओ गेम खेळण्याचा कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला. त्याचा ७.९ इंची पडदा १०८०पी क्षमतेचा आणि सेकंदाला १२० चित्रे दाखवू शकणारा असला, तरी तो एलसीडी प्रकारचा, म्हणजे मागच्या दिव्याने उजळणारा होता. आधीच्या स्विचची ओलेड (ज्याचा कण स्वतःच उजळतो अशा) पडद्याची आवृत्ती मात्र २०२१ पासूनच विकली जात होती. त्यामुळे कन्सोल हातात पडण्यापूर्वीच त्याच्या पुढच्या आवृत्तीची चर्चा सुरू झाली. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानातून किंवा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकरवी असा कन्सोल मागवणाऱ्यापुढेही तोच प्रश्न आहे : आत्ता घ्यावा, की ओलेड येईपर्यंत थांबावे? हा प्रश्न नवा नाही. अशा यंत्रांच्या सुधारित आवृत्त्या गेली तीस वर्षे येत आहेत, आणि त्या कशासाठी आल्या व येताना काय घेऊन गेल्या, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे ठरेल.

सुरुवातीच्या काळात थांबण्याचा विचारच संभवत नव्हता. एप्रिल १९८९ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयचा पडदा रंगहीन होता आणि त्याला स्वतःचा उजेड नव्हता. ही उणीव हेतुपुरस्सर स्वीकारलेली होती. त्याचे अभियंते गुनपेई योकोई यांचे धोरण असे होते की, जुने, स्वस्त आणि पारखून घेतलेले तंत्रज्ञान नव्या कामाला जुंपावे. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता, पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवीत असे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. गेम बॉय पॉकेट ही लहान आवृत्ती यायला १९९६ साल उजाडले, आणि पडद्यामागे उजेड असलेला गेम बॉय लाइट १९९८ मध्ये फक्त जपानात निघाला. सात वर्षांनी काय येईल याची वाट कोण पाहणार? आपल्याकडे त्या काळात हातातला व्हिडिओ गेम म्हणजे बहुतेकांच्या लेखी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणारा, ठोकळे रचण्याचा ब्रिक गेम होता, आणि त्याची आवृत्ती कितवी हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

थांबण्याला खरे कारण मिळाले ते २००१ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये आलेल्या गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा इतका अंधारा होता की, खिडकीपाशी किंवा दिव्याखाली विशिष्ट कोनात धरल्याशिवाय त्यावरचे चित्र नीट दिसत नसे. दोन वर्षांच्या आतच, फेब्रुवारी २००३ मध्ये, निन्टेन्डोने त्याची एसपी ही घडीची आवृत्ती आणली. तिच्या पडद्यावर पुढून उजेड पडत होता आणि आत पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम बॅटरी होती. ज्यांनी पहिला कन्सोल घेतला होता त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले, आणि ‘पहिली आवृत्ती घेऊ नये’ हा समज माझ्या मते येथूनच रुजला. परंतु या समजाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. एसपीमध्ये हेडफोनची नेहमीची खाच काढून टाकलेली होती. हेडफोन लावायचा तर वेगळा जोड विकत घ्यावा लागे. शिवाय २००५ मध्ये याच एसपीची आणखी उजळ पडद्याची आवृत्ती निघाली, पण तिला वेगळे नाव दिले गेले नाही. मागच्या पट्टीवर एजीएस-००१ आहे की एजीएस-१०१, एवढाच फरक होता. म्हणजे थांबून एसपी घेणाऱ्यालाही आपण पुरेसे थांबलो नाही, असे वाटण्याची सोय होतीच. त्याच वर्षी आलेल्या गेम बॉय मायक्रोचा पडदा सुरेख होता, पण त्यावर जुन्या गेम बॉयचे खेळ चालत नव्हते.

पुढच्या पिढीत ही परंपरा पक्की झाली. निन्टेन्डो डीएस नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपानात आला, आणि मार्च २००६ मध्ये, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षात, अधिक उजळ आणि हलका डीएस लाइट जपानी दुकानांत होता. लाइट इतका सरस होता की मूळ डीएस आठवणीतूनही पुसला गेला. थांबणाऱ्यांच्या बाजूने याहून चांगला दाखला सापडणार नाही. त्यानंतरच्या डीएसआयने कॅमेरे दिले आणि गेम बॉय ॲडव्हान्सच्या खेळांची खाच काढून घेतली.

सोनीचा पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानात आला. तो भारतात अधिकृतपणे विकला गेल्यामुळे सोलापूरसारख्या शहरांत खऱ्या अर्थाने पोहोचलेला हा पहिला मोठा हातातला कन्सोल म्हणता येईल. भारनियमनाच्या त्या वर्षांत, टीव्ही बंद पडल्यावर चालणारे यंत्र म्हणूनही त्याचे अप्रूप होते. २००७ मधल्या पीएसपी-२००० चे वजन २८० ग्रॅमवरून १८९ ग्रॅमवर आले आणि मेमरी ३२ एमबीवरून ६४ एमबी झाली. मात्र वाढीव मेमरीचा उपयोग मुख्यतः चकतीवरचा मजकूर लवकर वाचून घेण्यासाठी झाला. २००८ च्या पीएसपी-३००० चा पडदा रंगांत सरस होता, तरी हलत्या चित्रात बारीक आडव्या रेषा दिसतात अशी तक्रार आली. २००९ च्या पीएसपी गोमधून चकतीच नाहीशी झाली, म्हणजे आधी चकतीवर विकत घेतलेले सगळे खेळ त्यावर निरुपयोगी ठरले. २०११ च्या ई-१००० मध्ये तर वायफायही नव्हते. एकाच यंत्राच्या पाच आवृत्त्या झाल्या, आणि सर्वांत शेवटची आवृत्ती सर्वांत चांगली होती असे कोणीही म्हणणार नाही.

सोनीच्याच व्हिटा या पुढच्या कन्सोलची गोष्ट याहून बोलकी आहे. डिसेंबर २०११ मध्ये तो पाच इंची ओलेड पडद्यासह आला. ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानात निघालेली पातळ आवृत्ती हलकी होती, बॅटरी अधिक टिकत होती, चार्जिंगला साधी मायक्रो यूएसबी चालत होती. पण पडदा एलसीडी होता. ओलेड पडद्याचा कण स्वतःच उजळतो, त्याच्या मागे दिवा लागत नाही, त्यामुळे काळा भाग खरोखर काळा दिसतो. हा गुण खर्चकपातीत गेला. जे थांबले त्यांना पडदा गमवावा लागला, आणि आजही पहिल्या आवृत्तीचा व्हिटा जपून ठेवणारे लोक आहेत.

नवी आवृत्ती येणार हे कंपन्या आधी का सांगत नाहीत, याचेही कारण जुने आहे. १९८३ मध्ये ऑस्बोर्न कॉम्प्युटर या अमेरिकी कंपनीने आपल्या चालू संगणकापेक्षा चांगले यंत्र येत असल्याचे वेळेआधी जाहीर केले. गिऱ्हाइकांनी चालू माल घेणे थांबवले आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या पतनाला इतर कारणेही होती, असे पुढे अनेकांनी दाखवून दिले आहे, तरी उद्योगाने त्यातून एकच धडा घेतला : तयार माल गोदामात असेपर्यंत पुढचे बोलायचे नाही. निन्टेन्डोने २०११ मध्ये वेगळीच चूक केली. थ्रीडीएस हा हातातला कन्सोल अमेरिकेत २४९.९९ डॉलरला विकायला काढून पाच महिन्यांच्या आत त्याची किंमत १६९.९९ डॉलर करावी लागली, आणि आधी घेणाऱ्यांची समजूत घालण्यासाठी वीस जुने खेळ फुकट द्यावे लागले. त्यानंतर वर्षभरात मोठ्या पडद्याचा थ्रीडीएस एक्सएल आला, हे त्या वीस खेळांनी भरून निघाले की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

स्विचच्या बाबतीत मात्र कंपनीने आवृत्ती जवळजवळ गुपचूपच बदलली. मार्च २०१७ च्या मूळ स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास चालत असे. २०१९ च्या उत्तरार्धात दुकानांत आलेल्या, दिसायला हुबेहूब तशाच स्विचची बॅटरी साडेचार ते नऊ तास चालू लागली, बॅटरी तीच असूनही. बदल चिपमध्ये होता. एन्व्हिडिया या कंपनीची टेग्रा एक्स१ ही चिप २० नॅनोमीटरऐवजी १६ नॅनोमीटर पद्धतीने बनू लागली होती, म्हणजे तेवढेच काम करायला तिला कमी वीज लागत होती आणि ती कमी तापत होती. वाचलेली वीज वेग वाढवायला वापरता आली असती, पण तसे केले गेले नाही. सर्व खेळ एकाच ठरलेल्या वेगावर तपासून घेतलेले असतात, आणि जुन्या-नव्या यंत्रांवर ते वेगवेगळे चालू लागले तर कन्सोल या कल्पनेलाच धक्का बसतो. सुधारित आवृत्तीतून पडदा, बॅटरी, वजन आणि कंपनीचा नफा बदलतो, ताकद सहसा बदलत नाही, याचे मूळ येथे आहे. अपवाद आहेत : २०१४ चा न्यू थ्रीडीएस खरोखर वेगवान होता, पण केवळ त्याच्यासाठी बनवलेले खेळ मोजकेच निघाले. अधिक ताकदीसाठी सुधारित आवृत्तीची वाट पाहणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या रांगेत उभा असतो.

जाता जाता एक नोंद. २०१८ मध्ये मूळ स्विचच्या चिपमधली एक सुरक्षा-त्रुटी उघड झाली, जी सॉफ्टवेअरने बुजवता येत नव्हती. पुढच्या यंत्रांत ती दुरुस्त झाली, आणि त्यामुळे स्वतःचे प्रोग्राम चालवू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जुनाच स्विच मोलाचा ठरला.

संगणकाच्या जातीच्या नव्या यंत्रांतही क्रम फारसा वेगळा नाही. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा, संगणकावरचे खेळ चालवणारा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस गिऱ्हाइकांकडे जाऊ लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची ओलेड आवृत्ती आली. पडदा ७ वरून ७.४ इंच झाला, बॅटरी ४० वरून ५० वॉट-तासांची झाली, वजन ६६९ वरून ६४० ग्रॅमवर उतरले, चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटरची आली, पंखा मोठा आणि शांत झाला. खेळांचा वेग जवळपास तोच राहिला, आणि तो तसाच ठेवायचा आहे असे व्हॉल्व्हनेही स्पष्ट केले होते. या आवृत्तीने काही काढून घेतले नाही, हे मात्र खरे; माझ्या पाहण्यात असे उदाहरण विरळाच. आसुसचा रॉग अलाय जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. त्यातला एसडी कार्ड वाचणारा भाग फार तापल्यास बिघडू शकतो, हे कंपनीने त्याच वर्षी मान्य केले. पुढच्या वर्षी आलेल्या अलाय एक्समध्ये बॅटरी ४० वरून थेट ८० वॉट-तासांची झाली. पहिल्या आवृत्तीची उणीव दुरुस्त करणारी आवृत्ती कशी असते, याचा हा ठळक नमुना आहे.

आता सोलापूरच्या संदर्भात. उष्णता हा येथे गौण मुद्दा नाही. जुलै २०२२ मध्ये, युरोप तापलेला असताना, व्हॉल्व्हने सांगितले की स्टीम डेक ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत नीट चालतो आणि त्यापुढे स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा वेग मंदावू शकतो. निन्टेन्डोही स्विचसाठी ३५ अंशांचीच वरची मर्यादा सांगते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता खेळणाऱ्यासाठी लहान नॅनोमीटरची चिप आणि मोठा पंखा या जाहिरातीतल्या ओळी नसून रोजच्या वापरातल्या गोष्टी आहेत. पुण्या-मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत बसून ‘थांबण्याची गरज नाही’ असा सल्ला देणे सोपे आहे.

दुसरा मुद्दा वॉरंटीचा. निन्टेन्डो आपला स्विच आणि व्हॉल्व्ह आपला स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, त्यामुळे येथे मिळणारा माल बाहेरून आलेला असतो. पहिल्या खेपेत दोष निघाला, तर ओसाकातला गिऱ्हाईक यंत्र कंपनीकडे परत पाठवतो. आपल्याकडे ते ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर जाते. म्हणून बाहेरच्या देशांतल्या गिऱ्हाइकापेक्षा येथल्या गिऱ्हाइकाने वर्षभर थांबणे अधिक समंजसपणाचे आहे. त्या वर्षात कोणता भाग कुठे बिघडतो हे इतरांच्या पैशाने कळते, आणि सुटे भागही बाजारात येतात.

मात्र थांबल्याने स्वस्त मिळेल, हा जुना हिशेब आता जुळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत आठ वर्षे जुन्या स्विचच्या किमती उतरवण्याऐवजी चढवल्या. ओलेड आवृत्ती ३४९.९९ वरून ३९९.९९ डॉलरवर गेली.

राहिली गोष्ट खोक्यावर काय छापले आहे याची. पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपवली जाते, ही आपल्या शहराची जुनी तक्रार आहे, आणि चादर घेताना तिचे वजन व वीण पाहण्याची सवय येथल्या घराघरांत आहे. कन्सोल घेताना मात्र तीच माणसे ‘व्ही टू (म्हणजे २०१९ ची सुधारित आवृत्ती) आहे’ या तोंडी आश्वासनावर विसंबतात. २०१९ नंतरच्या स्विचच्या मागे एचएसी-००१(-०१) असा क्रमांक असतो, आधीच्यावर नुसता एचएसी-००१. खोकेही वेगळे : नव्याची पार्श्वभूमी पूर्ण लाल आहे. जुन्या मालाला नव्याचा भाव देऊन आलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांनी खरे तर दोन वर्षे थांबूनच खरेदी केली होती.

स्विच २ ची बॅटरी कंपनीच्या सांगण्यानुसार दोन ते साडेसहा तास चालते, म्हणजे २०१७ च्या स्विचच्या आसपासच. आधीच्या स्विचला कमी वीज खाणारी चिप मिळायला सुमारे अडीच वर्षे लागली, ओलेड पडदा यायला साडेचार. तोच वेग गृहीत धरला, तर बॅटरीसाठी थांबणाऱ्याला २०२७ च्या अखेरीपर्यंत आणि पडद्यासाठी थांबणाऱ्याला २०२९ उलटेपर्यंत धीर धरावा लागेल. पडद्यासाठी एवढे थांबणे मला पटत नाही. चांगल्या बॅटरीची, कमी तापणारी आवृत्ती मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी वाट पाहण्याजोगी आहे, आणि तोवर ज्याच्याकडे २०१९ नंतरचा जुना स्विच आहे त्याचे काही अडत नाही.