मेंदूचं चुंबकत्व टिपणारी रुबिडियमची वाफ

मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा त्यांच्यातून विजेचे क्षीण प्रवाह वाहतात, आणि प्रवाह म्हटला की चुंबकीय क्षेत्र आलंच. डोक्याबाहेर ते जेमतेम 100 फेम्टोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं अगदी बारीक एकक) भरतं. पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या 50 कोटी पटींच्या घरात. एवढं सूक्ष्म क्षेत्र टिपायला आजवर उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले संवेदक लागत. त्यांचं शिरस्त्राण अवजड आणि एका जागी पक्कं, त्यामुळे डोकं हलवायची सोय नाही. लहान मुलांनी काय करायचं?

आता हे काम तापवलेली वाफ करते. काही मिलिमीटरच्या काचेच्या कुपीत रुबिडियम धातू 150 अंशांच्या आसपास तापवतात आणि वाफेतून 795 नॅनोमीटरचा लेसर सोडतात. तो प्रकाश शोषता शोषता अणूंच्या फिरक्या (स्पिन, ज्यामुळे अणू इवल्याशा चुंबकासारखा वागतो) एका दिशेला वळतात. मग अणू प्रकाश शोषायचेच थांबतात आणि पलीकडचा प्रकाशमापक उजळतो. इतक्यात चुंबकीय क्षेत्र आलं की फिरक्या कलतात, शोषण पुन्हा सुरू होतं, उजेड घटतो. या घटीवरून क्षेत्र मोजायचं. प्रकाशाने अणू असे वळवण्याच्या तंत्रासाठी आल्फ्रेड कास्लर यांना 1966चं नोबेल मिळालं.

अडचण होती टकरींची. अणू वाढवले तर संकेत वाढतो, पण टकराही वाढतात आणि फिरक्यांचा मेळ मोडतो. यावरचा तोडगा मला फार सुंदर वाटतो: टकरा आणखी वाढवायच्या! क्षेत्र शून्याजवळ असेल, तर दोन टकरींमध्ये फिरक्यांना एकमेकींपासून दुरावायला वेळच मिळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हॅपर यांनी 1970च्या दशकात हे दाखवलं. प्रिन्स्टनमध्ये मायकेल रोमॅलिस यांच्या गटाने त्यावर मापक बांधला आणि 2003मध्ये फेम्टोटेस्लाच्याही खालची संवेदनशीलता गाठली.

पण शून्याजवळचं क्षेत्र फुकट मिळत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकमापन 1904 साली अलिबागला हलवावं लागलं होतं, आणि तिथे तर पृथ्वीचंच क्षेत्र मोजायचं होतं. मेंदूसाठी बाहेरचं क्षेत्र अडवणाऱ्या खास मिश्रधातूच्या भिंतींची खोली लागते, शिवाय उरलंसुरलं क्षेत्र खोडायला तारांची वेटोळी.

2018मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी असे संवेदक डोक्यावर घालायच्या साच्यात बसवले. कुपी गरम असली तरी उष्णतारोधक आवरणामुळे ती टाळूपासून काही मिलिमीटरवर ठेवता येते. माणूस मान हलवत होता, पेय पीत होता, चेंडू टोलवत होता, आणि मेंदूची नोंद चालूच होती.