राजाला पैसे कोण देणार? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजसत्तेला बसलेल्या लगामाची पार्श्वभूमी

मॅग्ना कार्टा म्हटले की १५ जून १२१५ हा दिवस, रनीमीडचे कुरण आणि बंडखोर सरदारांपुढे नमलेला जॉन राजा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ती सनद जेमतेम दहा आठवडे टिकली. २४ ऑगस्टला पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्दबातल ठरवली आणि देशात यादवी पेटली. इंग्लंडच्या राजाला खरा लगाम बसला तो पुढच्या सव्वाशे वर्षांत, कराच्या वाटाघाटींतून. त्या सनदेतली कोणती कलमे जगली आणि कोणती गळून पडली हे पाहिले की यामागची कारणे उलगडतात.

राजाच्या उत्पन्नाचे सर्वसाधारणपणे तीन प्रवाह होते. पहिला नेहमीचा: राजाच्या स्वतःच्या जमिनी, न्यायालयातले दंड आणि प्रत्येक परगण्याच्या शेरीफने (राजाने नेमलेल्या अधिकाऱ्याने) भरायची ठरीव रक्कम. तिचा हिशेब ईस्टर आणि मायकेलमस (२९ सप्टेंबरचा सण) अशा वर्षातल्या दोन मुदतींना एक्स्चेकरमध्ये, म्हणजे राजाच्या हिशेब-कचेरीत, चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून होई. दुसरा प्रवाह सरंजामी हक्कांचा: वारसाला जमिनीचा ताबा देताना घ्यायचे शुल्क, अल्पवयीन वारसाची पालकी, विधवांच्या पुनर्विवाहाचे पैसे, आणि लष्करी चाकरीऐवजी घ्यायची रक्कम, म्हणजे स्क्युटेज. तिसरा प्रवाह साऱ्या प्रजेच्या जंगम मालमत्तेवरच्या कराचा. मोठी रक्कम या तिसऱ्यातच होती. १२०७ मध्ये जॉनने जंगम मालमत्तेचा तेरावा हिस्सा घेतला, तेव्हा सुमारे ६०,००० पौंड जमले.

१२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली आणि ती परत मिळवण्यासाठी जॉनला पैसा हवा होता. दुसरा प्रवाह त्याने पिळून काढला, कारण तिथे शुल्क किती घ्यायचे हे त्याच्या मर्जीवर होते. निकोलस द स्टुटव्हिलला भावाच्या जमिनीचा वारसा मिळवण्यासाठी १०,००० मार्क कबूल करावे लागले. मार्क हे नाणे नव्हते, हिशेबाचे एकक होते. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश. एवढी रक्कम फिटणार नाही हे राजालाही ठाऊक होते. थकबाकीदार सरदार मुठीत राहतो, त्याचे किल्ले तारण म्हणून ठेवून घेता येतात, हाच त्यातला डाव. स्क्युटेज जॉनने १६ वर्षांत ११ वेळा घेतले. १२१४ मध्ये दर सरंजामी घटकामागे, म्हणजे एका नाइटच्या जहागिरीमागे, ३ मार्क मागितले. त्याच वर्षी २७ जुलैला फ्रान्सच्या राजाविरुद्धच्या बुव्हीनच्या लढाईत त्याच्या दोस्तांचा धुव्वा उडाला आणि अनेकांनी, विशेषतः उत्तरेकडच्या सरदारांनी, पैसे द्यायचे नाकारले.

म्हणून १२१५ च्या सनदेतली कलमे हिशेबाच्या वहीसारखी नेमकी आहेत. वारसा-शुल्क म्हणून अर्लच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, वारसाने १०० पौंड, नाइटच्या वारसाने जास्तीत जास्त १०० शिलिंग. खंडणी देऊन राजाची कैदेतून सुटका, थोरल्या मुलाचा नाइट-विधी आणि थोरल्या मुलीचे पहिले लग्न हे तीन प्रसंग वगळता, राज्याच्या एकत्रित सल्ल्याशिवाय स्क्युटेज किंवा साहाय्यकर नाही (कलम १२). तो सल्ला घ्यायचा तर बड्या मंडळींना वैयक्तिक पत्रे, इतरांना शेरीफमार्फत निरोप, आणि किमान ४० दिवसांची सूचना (कलम १४).

अडचण अंमलबजावणीची होती. कलम ६१ ने २५ सरदारांची समिती नेमली. राजाने वचन मोडले तर त्यांच्यापैकी चौघांनी तक्रार मांडायची, ४० दिवसांत दाद मिळाली नाही तर सर्वांनी मिळून राजाचे किल्ले आणि जमिनी ताब्यात घ्यायच्या; राजा, राणी आणि मुले यांच्या जिवाला मात्र हात लावायचा नाही. हा कायदेशीर उपाय नव्हता, शिस्त लावलेले युद्धच होते. राजा एकदा का ४० दिवस गप्प बसला की सनद पाळण्याचा मार्ग आणि सनद मोडण्याचा मार्ग एकच उरतो.

जॉन ऑक्टोबर १२१६ मध्ये वारला. नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने कारभार पाहणारा विल्यम मार्शल आणि पोपचा प्रतिनिधी ग्वाला यांनी नोव्हेंबरमध्ये सनद पुन्हा जारी केली, पण कलमे १२, १४ आणि ६१ गाळून. कागदावर संमतीचे तत्त्व संपले होते, व्यवहारात मात्र ते इथूनच रुजले. १२२५ मध्ये हेन्रीला फ्रान्समधल्या आपल्या गॅस्कनी प्रांताच्या बचावासाठी पैसा हवा होता. जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा मिळाला, सुमारे ४०,००० पौंड, आणि त्या बदल्यात सनद पुन्हा दिली गेली. हा सौदा सनदेच्या मजकुरातच नमूद आहे. पुढे कायदा म्हणून उद्धृत होत राहिली ती १२२५ ची प्रत; १२१५ ची नव्हे.

हा कर जबरदस्तीने का वसूल करता येत नव्हता, ते वसुलीची पद्धत पाहिली की कळते. १२२५ मध्ये सामान्य माणसाने स्वतःच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या मालाची शपथेवर मोजदाद सांगायची होती. पुढे हे काम स्थानिक पंचांकडे गेले. गुरे, धान्य, भांडी यांची किंमत ठरवणारे लोक गावातलेच. राजाकडे पगारी वसुली अधिकाऱ्यांची फौज नव्हती. परगण्यातल्या नाइटांनी अंग काढून घेतले तर कर कागदावरच राहायचा.

हेन्रीला याचा पुरेपूर अनुभव आला. १२३७ नंतर त्याने वारंवार कर मागितला आणि ३० वर्षांहून अधिक काळ त्याला नकारच मिळाला. मग त्याने शेरीफांवरची रक्कम वाढवली, फिरत्या न्यायालयांतून दंड उकळले, आणि ज्यांना सनदेचे संरक्षण नव्हते त्या ज्यूंवर अवाढव्य पट्ट्या बसवल्या. धाकट्या मुलाला सिसिलीचे राज्य मिळवून देण्याच्या नादात पोपला १,३५,५४१ मार्क देण्याचे कबूल केल्यावर सरदारांचा संयम संपला. १२५८ मध्ये सरदारांनी राजावर लादलेल्या ऑक्सफर्ड तरतुदींनी १५ जणांच्या मंडळाकडे कारभार दिला आणि वर्षाला तीन पार्लमेंट सक्तीची केली. ही व्यवस्था कलम ६१ पेक्षा खूप विचारपूर्वक रचलेली होती, तरी मोडली, कारण राजाची सत्ता काढून घेणाऱ्यांमध्येच फूट पडली. बंडखोर सरदारांचा नेता सायमन द माँफर्ट याने १४ मे १२६४ ला लुईसची लढाई जिंकली, जानेवारी १२६५ च्या पार्लमेंटला परगण्यांतून नाइट आणि शहरांतून नागरिक बोलावले, आणि ४ ऑगस्टला तो इव्हशॅमला मारला गेला.

त्याला हरवणाऱ्या एडवर्डने, हेन्रीच्या थोरल्या मुलाने, राजा झाल्यावर प्रतिनिधींना बोलावण्याची रीत सोडली नाही. उलट, प्रतिनिधींनी आपल्या समाजाला बांधील करण्याचे पूर्ण अधिकार घेऊन यावे, अशी अट त्याच्या फर्मानांत आली. राजाच्या दृष्टीने हा फायदाच होता: हो म्हणून गेलेल्यांच्या परगण्याला नंतर नाही म्हणता येत नाही. पण अधिकार घेऊन येणारा माणूस सोबत तक्रारीही घेऊन येतो.

या सौदेबाजीची एक काळी बाजू झाकून चालणार नाही. १२९० मध्ये पार्लमेंटने पंधराव्या हिश्शाचा कर मंजूर केला. सुमारे १,१६,००० पौंड जमले, मध्ययुगीन इंग्लंडमधला सर्वांत मोठा कर. त्याच्या मोबदल्यात एडवर्डने ज्यूंना देशाबाहेर काढले. राजाला मर्यादा घालणाऱ्या सभेत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यावर तीच सभा उलटली.

१२९४ पासून फ्रान्स, वेल्स आणि स्कॉटलंड अशी युद्धे एकामागून एक आली. लोकरीवर दर पोत्याला अर्धा मार्क जकात होती, ती ४० शिलिंगांवर गेली. व्यापाऱ्यांनी तो बोजा उत्पादकांवर ढकलला आणि लोकरीचे भाव पडले. सैन्यासाठी धान्य उचलले जाई, पैसे मिळतीलच याची खात्री नसे. १२९७ मध्ये रीतसर संमती न घेताच आठव्या हिश्शाचा कर लावला गेला. २२ ऑगस्टला रॉजर बिगॉड आणि हम्फ्री द बून हे दोघे अर्ल एक्स्चेकरमध्ये गेले आणि त्यांनी वसुलीला उघड विरोध केला. ११ सप्टेंबरला स्टर्लिंग पुलावर स्कॉट नेता विल्यम वॉलेसने इंग्रज सैन्याचा धुव्वा उडवला आणि राजाच्या मंत्र्यांकडे वेळ उरला नाही. १० ऑक्टोबरला सनदा कायम करणारा करार झाला: यापुढे असे कर, असे धान्य-हरण राज्याच्या सर्वसाधारण संमतीशिवाय नाही, आणि ४० शिलिंगांची जकात रद्द. एडवर्डने ५ नोव्हेंबरला गेंटमध्ये त्याला मान्यता दिली. कलम १२ मधले तत्त्व ८१ वर्षांनी परत आले, आणि या वेळी स्क्युटेजपुरते न राहता साऱ्या प्रजेच्या करांना लागू झाले.

१३०३ मध्ये एडवर्डने जकात वाढवण्याचा प्रस्ताव इंग्रज व्यापाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी नकार दिला, आणि वाढीव ४० पेन्स फक्त परदेशी व्यापाऱ्यांकडून, त्यांना सवलती देऊन, घ्यावे लागले. १३०५ च्या अखेरीस पोप पाचव्या क्लेमेंटकडून त्याने १२९७ च्या वचनांतून मुक्ती मिळवली, अगदी वडिलांच्या वडिलांनी केले तसेच. तरीही ४० शिलिंगांची ती जकात त्याने परत लावली नाही. शपथेतून पोप सोडवू शकत होता, पण परगण्यापरगण्यांतून वसुली करून देणे त्याच्या हातात नव्हते. एडवर्डच्या नातवाला, तिसऱ्या एडवर्डला, १३४० मध्ये फ्रान्सच्या युद्धासाठी पैसा हवा होता, तेव्हा पार्लमेंटमध्ये जमलेल्या धर्मगुरू, सरदार आणि प्रतिनिधी यांच्या संमतीशिवाय कोणताही कर नाही, असा कायदाच त्याने करून दिला.