शेडमध्ये झाकलेली गाडी टिकते? छे!

सांगलीत कुणाकडे जुनी टू-सीटर स्पोर्ट्‌स कार असली की सल्ला ठरलेला: ‘फिरवू नका, झिजेल. पैसे साठले की एकदम रिस्टोअर करा.’

होतं उलटंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. सील वाळतात, टायर एका बाजूने चपटे होतात. आताच्या पेट्रोलमधलं २० टक्क्यांपर्यंतचं इथेनॉलही पाणी ओढतं, जुने रबरी पाइप खातं. कार्बोरेटरच्या तळाशी बसलेला तो चिकट, हिरवट थर ज्याने खरवडलाय त्यालाच विचारा!

रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवणं तर आणखी वाईट. सायलेन्सर तापत नाही, आत पाणी साचतं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा तासगावपर्यंत जाऊन या. (५० वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली असेल तर मात्र २०२१ च्या नियमांनुसार ती रोज वापरता येत नाही.)

ब्रेक, स्टिअरिंग ढिलं असेल किंवा चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर गंजाचा भुगा पडत असेल, तर आधी तेवढं काम करा. २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाडीला तर इंजिन उघडून बघितल्याशिवाय स्टार्टर मारूच नका. रंगाची घाई नको. कंपनीचा मूळ रंग एकदा घासला की गेला.