थंडीत डिझेल गाडी पकडत नाही? प्लग बदलायच्या आधी रिले बघा

डिसेंबरात निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला की जुन्या इंडिकांची रडारड सुरू होते. सेल्फ मारला की इंजिन घर्र घर्र फिरतं, मागून पांढरा धूर निघतो, पण गाडी काही पकडत नाही. आणि तीच गाडी रत्नागिरीत असती तर मालकाला पत्ताही लागला नसता की इंजिनात हवा तापवणारे दोन हिटर प्लग कधीचेच गेलेत!

डिझेलला स्पार्क प्लग नसतो हे बहुतेकांना माहीत असतं. हवा एवढी दाबायची की ती तापते आणि त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेलला पेटायला साधारण २१० अंश पुरतात आणि हवा वीसपट दाबली तर हिशोबाने ती ७०० अंशांच्या आसपास जायला हवी, मग अडतं कुठे? तर हिशोबातली हवा उष्णता कुठे गमावत नाही, खरी हवा मात्र गार लोखंडाला टेकलेली असते, त्यात सेल्फवर इंजिन फिरतं मिनिटाला दीडदोनशे फेरे, म्हणजे उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, पळून जायला भरपूर वेळ, आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर थोडी हवाच खाली निसटते. इंडिकाच्या १.४ लिटर इंजिनात तर डिझेल हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात उडतं, आणि त्या कप्प्याला आकाराच्या मानाने भिंतीच जास्त, म्हणून तिथे हिटर प्लगचं ८५० ते १००० अंशांपर्यंत लाल होणारं टोक बसवलेलं असतं. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर उडतं, त्यामुळे आपल्या हवेत त्यांचं बिनहिटरचं भागतं.

आता धुराकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. धूरच नसेल तर हिटरच्या मागे लागू नका, डिझेलच्या लाइनमध्ये एअर घेतली असेल किंवा पंपावरचा डिझेल चालू-बंद करणारा सोलेनॉइड गेला असेल. आणि गरम इंजिनही पकडत नसेल तर दोष भलतीकडेच आहे.

बहुतेक गॅरेजमध्ये होतं काय, की गाडी गेली की सरळ चारही प्लग बदलतात. मला हे अजिबात पटत नाही. डॅशबोर्डवर कॉइलच्या चित्राचा दिवा लागतो म्हणजे हिटर चालू आहेत असं लोक धरून चालतात, पण तो दिवा फक्त टायमरचा, प्लगपर्यंत करंट गेला की नाही ते त्याला कळत नाही. चार प्लग मिळून सुरुवातीला ६०-७० अँपिअर सहज खेचतात, तो सगळा करंट रिलेच्या, म्हणजे हिटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या, दोन छोट्या कॉन्टॅक्टमधून जातो आणि ते कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात. रिलेचा टक् आवाज येतो, माणूस म्हणतो रिले ओके, पण टक् वाजतं आतल्या कॉइलमुळे, कॉन्टॅक्टचं त्यावरून काहीच कळत नाही.

मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी चारही प्लग जोडणाऱ्या पट्टीला लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. हिटर चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटेत चोरी आहे, रिलेत, फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या नटात. पट्टीवर ११ ऐवजी ९ व्होल्ट पोचले तर प्लगची उष्णता जवळजवळ एक तृतीयांश कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. आणि हरवलेले २ व्होल्ट गुणिले ५० अँपिअर, म्हणजे १०० वॅट त्या वाटेतच तापतात, मग रिलेचं प्लास्टिक वितळतं यात नवल काय!

पट्टीवर व्होल्टेज बरोबर असेल तरच प्लगकडे वळा. पट्टी काढून २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावा. बल्ब पेटला तर प्लगची कॉइल शाबूत, नाही पेटला तर प्लग गेला. वायरला कवळून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर अजून सोपं, एक प्लग मेला की करंट पावभागाने कमी दिसतो, फक्त तो डीसी मोजणारा हवा, घरगुती वायरमनचा बहुतेक वेळा एसीच मोजतो.

नव्या गाड्यांत मात्र हे प्रयोग नकोत, त्यातले बरेच प्लग ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, थेट बॅटरी लावली की लगेच उडतात. आणि ईथरचा स्प्रे हिटर चालू असताना कधीच मारू नका, तो डिझेलच्याही आधी पेट घेतो, पिस्टन फुटू शकतो.

उलटा प्रकारही होतो, कॉन्टॅक्ट चिकटून बसतात आणि हिटर बंदच होत नाही. मग सकाळी बॅटरी झोपलेली आणि प्लगची टोकं फुगलेली. असा प्लग जोर लावून काढू नका, इंजिन गरम करा, गंज सोडवणारं तेल मारा, हळूहळू पुढेमागे फिरवा, तुटला तर हेड उतरवावं लागू शकतं. एकाच प्लगचं टोक वितळलेलं निघालं तर नवीन टाकायच्या आधी त्या सिलिंडरचं डिझेल उडवणारं नोझल पंपवाल्याकडे तपासून घ्या, ते गळत असेल तर नवाही टिकणार नाही.